पट्ट्यांवरची सुनावणी

पालिकेने पाटी लावली ती अगदी गोडीगुलाबीत. 'नागरिकांच्या सुलभ प्रवासासाठी' म्हणे हा सिग्नल आणि हे क्रॉसिंग बंद करून पादचारी पूल उभारण्यात येत आहे, हरकत असल्यास सुनावणीस हजर राहावे. नागरिक म्हणजे कोण, ते पाटीवर लिहिलं नव्हतं. पलीकडे मजल्यावर मजले चढवत निघालेल्या टॉवरांकडे मान वर करून पाहिलं की ते आपोआप कळायचं. उद्या तिथल्या गाड्या तळघरातून वर येणार, आणि पायी चालणारं कुणी आडवं आलं की त्यांचा खोळंबा होणार. तेव्हा पायी चालणाऱ्याला उचलून वर ठेवायचं. झाला रस्ता मोकळा!

औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या तिने ती पाटी वाचली आणि तिथेच उभ्याने मिनिटं मोजायला लागली. रस्त्याच्या या बाजूला दुकान, त्या बाजूला पाळणाघर, आणि पाळणाघरात तिची लेक. जेवणाच्या सुट्टीत ती धावत क्रॉसिंगचे पट्टे ओलांडायची, लेकीला पाजायची, आणि परत येऊन उभ्याउभ्याच डब्यातले चार घास पोटात ढकलायची. सुट्टी अर्ध्या तासाची, पण लेकीला त्याचं काय? ती दूध पिताना मध्येच थांबायची, आईच्या हनुवटीला बोट लावून बघायची, स्वतःशीच खुदकन हसायची आणि मग सवडीने पुन्हा प्यायला लागायची. बाटली तोंडाला लावली तर मान अशी फिरवायची की जणू कुणी तिचा अपमानच केलाय. आणि टॉवरांची शोभा जाऊ नये म्हणून नकाशात पूल सरकवला होता थेट लांबच्या पेट्रोल पंपापाशी. तिथवर जायचं, जिने चढायचे, उतरायचे, पुन्हा मागे यायचं, यातच सुट्टी संपली असती. म्हणजे एक तर लेकीचं दूध तोडा, नाहीतर नोकरी सोडा.

"मग हरकत घे की," सासूबाई म्हणाल्या. "मीही येते. हरकत घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

ते तर तिला लग्नापासून ठाऊक होतं. सासूबाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, रांगत्या नातीमागे धावणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. जिभेने मात्र अजून एका दिवसाची रजा घेतली नव्हती.

मालकाने कुरकुरत सकाळपुरती सुट्टी दिली. पालिकेचं कार्यालय त्याच रस्त्यावर होतं. सुनावणीच्या खोलीत खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळे जरा हललं की चर्रर्र आवाज यायचा. सुनावणी घेणाऱ्या साहेबांचा पत्ता नव्हता. हरकती घेऊन आलेली माणसं वाट बघून बघून आपापल्या कामाला निघून गेली. उरले हेडक्लार्क, या दोघी, आणि चकचकीत बुटांचे वाहतूक सल्लागार.

सल्लागारांनी वेळ घालवायला भिंतीवर फिल्म लावली. निळंभोर आकाश, हिरवीगार झाडं, तेल लावल्यासारख्या सुळकन जाणाऱ्या गाड्या. पुलावरून माणसं चालली होती, सगळी सडपातळ, सगळी मोकळ्या हातांची, आणि कुणालाही दम लागत नव्हता.

"यात कडेवर बाळ घेतलेलं कुणीच नाही," ती म्हणाली.

"मॅडम, हे मॉडेल आहे. आपण यात सरासरी पादचारी धरतो."

"सरासरीला गुडघे असतात का हो?" सासूबाईंनी विचारलं.

सल्लागार समजूतदारपणे हसले. असं हसणं शिकवत असावेत कुठेतरी.

"आणि या टॉवरांच्या गाड्या? त्या दिसत नाहीत फिल्ममध्ये," ती म्हणाली.

"त्यांचं नियोजन पुढच्या टप्प्यात आहे."

"म्हणजे टॉवर आधी, आणि गाड्यांचा विचार मग सवडीने?"

"मॅडम, विकास थांबवता येत नाही."

"खरंय. थांबवायचं ते आम्हालाच."

तेवढ्यात हेडक्लार्कांचा फोन वाजला. नाव बघून ते उठून उभे राहिले आणि उभ्यानेच बोलले. "हो सर... नाही सर... दोनच बायका आहेत सर... बरं सर." फोन ठेवून ते ओशाळं हसले. "साहेब ट्रॅफिकमध्ये अडकलेत. म्हणाले, कुणी नसेल तर 'हरकत नाही' असं लिहून टाका."

"आम्ही कुणीच नाही का, भाऊसाहेब?" ती म्हणाली.

"तसं नाही ताई. पण सुनावणीला साहेब लागतात. साहेब नाहीत म्हणजे सुनावणी नाही. सुनावणी नाही म्हणजे हरकत ऐकली गेली नाही. आणि ऐकलीच गेली नाही, तर..."

"तर ती नव्हतीच," सासूबाईंनी वाक्य पुरं केलं. "काय डोकं आहे हो! इतकं डोकं लावून एखादा रस्ता का नाही केलात?"

"कुठे अडकलेत साहेब?" तिने विचारलं.

हेडक्लार्क जरा घुटमळले. "त्या... पाळणाघरासमोरच्या सिग्नलला."

लेकीची दुधाची वेळ झाली होती. ते कळायला तिला घड्याळ लागत नव्हतं. छाती भरून जड झाली होती. ती उठली. "मला तिकडेच जायचंय. चला आई."

आपल्यावर बालंट नको म्हणून कागद घेऊन हेडक्लार्क मागोमाग निघाले, आणि हेडक्लार्क निघाले म्हणून सल्लागारही. सासूबाईंच्या गुडघ्यांच्या चालीनेसुद्धा मंडळी बघता बघता पोचली.

साहेबांची गाडी ऐन पट्ट्यांवर उभी होती. पुढे टॉवरच्या गेटात काँक्रीटचा मिक्सर मागे-पुढे करत आडवा पसरला होता. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. सासूबाईंनी अंगठीने काच वाजवली. काच खाली आली, आतला गार वारा बाहेर आला आणि त्याच्या पाठोपाठ साहेबांचा आवाज.

"काय आहे?"

"सुनावणी आहे," ती म्हणाली.

"मग ऑफिसात या ना बाई."

"ऑफिसातूनच येतोय. तिथे फक्त तुम्हीच नव्हतात."

"अशी रस्त्यात सुनावणी होत नाही."

"मग उतरा साहेब, चालतच जाऊ. हे काय, आम्ही आलो की."

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने त्यांना नदी पोहून जायला सांगितलं होतं. "बोला," ते म्हणाले. "लवकर बोला."

तिने घरी चार सभ्य वाक्यं जुळवून ठेवली होती. पण पाळणाघराच्या खिडकीतून रडण्याचा आवाज आला. तिथे पंधरा पोरं एकदम रडली असती तरी हा आवाज तिने वेगळा काढला असता. कुडता पुढून ओला झाला. तिने ओढणी ओढून घेतली आणि ती वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"ती रडतेय ना, ती माझी मुलगी आहे. तिला भूक लागलीय. हे क्रॉसिंग काढलंत तर मला सुट्टीत तिच्यापर्यंत पोचता येणार नाही. एवढंच आहे माझं."

"अहो, याच क्रॉसिंगमुळे तर मी इथे अडकलोय!"

"सिग्नल हिरवा आहे साहेब. तुमच्यापुढे चालणारं एकही माणूस नाही. मिक्सर आहे."

"मिक्सर तात्पुरता आहे," सल्लागार म्हणाले.

"आणि टॉवर?"

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. साहेबांनी काच वर घ्यायला हात नेला, तर खिडकीत सासूबाईंचं कोपर टेकलेलं.

"माझ्या गुडघ्यांचं राहिलं की," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगते, म्हणजे नीट कळेल. लग्नाच्या आधीची गोष्ट, आम्ही तेव्हा..."

"लिहा हो, लिहा!" साहेब हेडक्लार्कांवर ओरडले. "पुलाला लिफ्ट बसवण्यात यावी. झालं? म्हातारे, बाळं, सगळ्यांची सोय." आणि आपल्याच कल्पनेवर खूश होऊन ते सीटवर मागे रेलले.

ती अगदी नम्रपणे म्हणाली, "फारच छान होईल साहेब. फक्त लिफ्ट बसेपर्यंत क्रॉसिंग राहू दे. तुम्ही मनावर घेतलंय म्हटल्यावर कितीसा वेळ लागणार?"

साहेबांना ते पटलं. आपण मनावर घेतलं की कामं होतात असं त्यांना मनापासून वाटायचं. "लिहा. लिफ्ट सुरू होईपर्यंत सिग्नल व क्रॉसिंग कायम ठेवावे."

"सर, पण लिफ्टसाठी तरतूदच..." सल्लागार पुढे सरकले. हेडक्लार्क नेमके त्यांच्या आणि खिडकीच्या मध्ये आले. "सही, सर?"

साहेबांनी सही ठोकली, कोपर निघालं, काच वर गेली.

"ताई," हेडक्लार्क हळूच म्हणाले, "आमच्या ऑफिसातली लिफ्ट मी नोकरीला लागलो तेव्हापासून बंद आहे. आता रिटायर होईन मी."

सासूबाई पट्ट्यांवरच पोट धरधरून हसू लागल्या. पण ती ऐकायला थांबलीच नव्हती. गाड्यांमधून अंग चोरत ती पलीकडे पोचली, चपला दारातच भिरकावल्या आणि लालबुंद झालेल्या लेकीला पदराखाली घ्यावं तसं ओढणीखाली घेतलं. लेकीने एक हुंदका दिला, दुसरा अर्ध्यावर सोडला आणि पिऊ लागली. बाहेर हॉर्न वाजला की ती दचकायची. मग आईने तिच्या कानावर तळहात ठेवला. कान केवढासा, जर्दाळूएवढा, आणि घामाने ओला.

लेक सवडीने पोटभर दूध प्यायली, मग तिने ढेकर दिला, खांद्यावर मान टाकली. आईने खिडकीतून बाहेर पाहिलं. साहेब अजून पट्ट्यांवरच होते.