आप्पांच्या स्टुडिओतलं लिनक्स

मिरजगावात हायवेला लागून आप्पासाहेबांचा फोटो स्टुडिओ आहे. त्यांची मुलगी अश्विनी पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. दोन वर्षांपूर्वी ती सुट्टीला आली, तेव्हा स्टुडिओतला संगणक व्हायरसनं पार बसला होता. त्यावरचं विंडोज चोरीचं, फोटोचं सॉफ्टवेअरही चोरीचं. अश्विनीनं डिस्क पुसून विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली.

"आन् माझं फोटूचं?" आप्पांनी विचारलं.

"त्याच्या जागी हे घ्या, गिंप. सगळं होतं यात. उद्या बसून शिकवते तुम्हाला."

पण सकाळीच ऑफिसातून फोन आला, सर्व्हर पडला होता. मिळेल त्या एसटीनं ती निघून गेली.

पुढं दर रविवारी ती पुण्यातूनच इंटरनेटवरून आप्पांच्या संगणकात शिरायची, अपडेट टाकायची, डिस्कवर जागा किती उरली ते बघायची. मग फोन करायची.

"मशीन नीट चाललंय ना, आप्पा?"

"झ्याक चाललंय."

साठी उलटलेले आपले वडील लिनक्स वापरतात, हे ती ऑफिसात कौतुकानं सांगायची.

या दिवाळीला ती स्टुडिओत बसली होती. गावातल्या राहीबाई नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. कुठल्याशा कार्डावरून सोडवलेला, बोटभर, गालावर शिक्क्याची जांभळी शाई. वर्षश्राद्धाला मोठा करून हवा होता. असले फोटो म्हणजे आप्पांचा हातखंडा. फाटलेले, भिजलेले चेहरे ते असे उभे करत, की माणसं फ्रेमपुढं गप्प होत. पण आज त्यांनी फोटो पाकिटात घातला आणि वर कर्जतच्या एका स्टुडिओचं नाव लिहिलं.

राहीबाई गेल्यावर अश्विनीनं विचारलं, "कर्जतला कशाला?"

"आता तिकडूनच करून घेतो. हितं झेरॉक्स आन् पासपोर्ट फोटू."

"कधीपासून?"

आप्पा प्रिंटरमधले कागद सारखे करत राहिले. "तू हे बसवलं तवापासून. काय कुठं हाय ते सापडंना. हात जुन्या जागी जायचा, तिथं भलतंच निघायचं."

"मग मला सांगायचं ना. मी दर आठवड्याला विचारत होते."

"तू मशीनचं इचारायचीस. मशीन नीटच हुतं की. तू एवढ्या हौसेनं करून दिलंस. वाटलं, आपल्यालाच जमंना."

कोणता प्रोग्राम शेवटचा कधी उघडला, हेही तिला पुण्यात बसून बघता आलं असतं. तिनं कधी बघितलं नव्हतं.

तिनं पाकिटातला फोटो काढून स्कॅन केला आणि गिंप उघडलं. "या आप्पा, आज शिकू."

आप्पांनी माऊस धरला. एक डाग पुसायला गेले, तर डोळाच पुसट झाला. त्यांनी माऊस तिच्याकडे सरकवला. "तूच कर. मी सांगतो."

ते मागं उभं राहून सांगत होते. गालाची सावली आधी धर. कपाळावरची आठी ठेव, ती पुसलीस तर राहीबाई वळखायची न्हाई. अश्विनीला प्रोग्राम येत होता, चेहरा येत नव्हता. दुपारपर्यंत शाई गेली, पण गाल लाकडी दिसायला लागला.

"जमलंय की," आप्पा म्हणाले. त्यांनी प्रिंट काढली नाही.

"जुनं सॉफ्टवेअर मिळतं का बघू? नाहीतर मी आठवडाभर राहते, रोज बसू."

"ऱ्हा की. तुझी आईबी खूश हुईल." मग हळूच म्हणाले, "पर ह्ये राहू दे. हाताचं वळण गेलं आता."

कर्जतकडं जाणारा टेम्पो समोर थांबला होता. आप्पांनी फोटो परत पाकिटात घातला आणि ड्रायव्हरला द्यायला बाहेर गेले. पाकीट देताना त्याला बजावलेलं अश्विनीला आतून ऐकू आलं. "त्या स्टुडिओतल्या पोराला सांग, आठी पुसू नको म्हनावं. तो सगळ्यांचीच पुसतो."