फोटोला हवी, हळदीला नको

कोपरीतल्या मढव्यांच्या दारात सकाळपासून मांडव गजबजला होता. हळद सोनलची, पण जो तो विचारत होता, "खासदारबाई कधी येणार?" नवरीची आई जया समोर उभी असून तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. हसून उत्तरं देता देता तिचा आतून नुसता जळफळाट होत होता.

ही खासदारबाई म्हणजे तिची धाकटी जाऊ, उत्तरा. दीर गोपीनाथ अकाली गेला तेव्हा बी.कॉम. झालेली उत्तरा डोंबिवलीतल्या सोसायट्यांचे हिशेब लिहायला लागली. पुढे सीए झाली. त्याच सोसायट्यांच्या पाण्यासाठी पालिकेत भांडता भांडता नगरसेविका झाली आणि आता थेट दिल्लीला पोचली. सोनलचा दहावी-बारावीचा अभ्यासही तिनेच घेतला. घरात, गावात, पेपरात, जिकडेतिकडे उत्तराच. जयाकडे उरलं होतं ते एवढंच, की ती सवाष्ण होती. ओटी असो, बारसं असो, जया पुढे आणि उत्तरा मागे. तेवढ्यापुरती ती मिरवायची आणि ते सुख तिला सोडवत नव्हतं.

उत्तरा आली तशी फोटोंसाठी झुंबड उडाली. मावश्या, आत्या, सगळ्या तिला खेटून उभ्या राहिल्या. मग हळद लावायची वेळ झाली आणि त्याच बायकांनी तिच्यासाठी मांडवाच्या कडेला खुर्ची टाकली.

"काकी, पहिली हळद तू लाव," सोनल पाटावरून म्हणाली.

"गप बस. आपल्यात चालत नाय ते," जया म्हणाली.

"मग मला हळदच नको." सोनल उठून उभी राहिली. बँजोवाले वाजवायचे थांबले.

जयाचा तोल सुटला. "दिल्ली तिची, टाळ्या तिच्या, पोरगी पण तिचीच! माझी म्हणून एवढी एक हळद राहिलेली, ती पण तिलाच देऊ?"

सगळा मांडव ऐकत होता. उत्तरा खुर्चीतून उठली, पण तिने आवाज चढवला नाही. "ताई, तुमचं काहीच नको मला. हे गेले त्यात माझा काय गुन्हा, तेवढं सांगा. पटलं तर परत जाऊन बसते."

जयाची नजर नवऱ्याकडे गेली. गेल्या वर्षीच हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेला रघु मांडवाच्या दारात घाम पुसत उभा होता. उद्या ह्याला काही झालं तर? पोटच्या पोरीच्या डोहाळजेवणाला आपल्यालाही कडेलाच बसवतील, आणि बसवणाऱ्या ह्याच बायका असतील. जया मुळापासून हादरली.

मत्सर काही गेला नव्हता. तिने तरीही हळदीची वाटी उचलून जावेच्या हातात दिली. "लाव," ती म्हणाली, "आणि माझ्या आधी लाव."

दोन सवाष्णी पदर सावरत मांडवाबाहेर निघून गेल्या. बाकीच्या घुटमळल्या, एकमेकींची तोंडं बघत राहिल्या. बायांनो, तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं?