ब्रेकवरची चमक

मी गाडी पुसायचा एक जुना टॉवेल आहे. मित्रांनो, टॉवेलाच्या गोष्टीत मळ येणारच. त्याची मला लाज नाही, मळ काढणं हेच माझं काम. मला लाज वाटते ती एका चमकेची. ती माझ्याच अंगानं आणली होती, आणि त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला होता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. केसाहून बारीक धाग्यांचं लांबच लांब तांबडं कापड यंत्रातून सरकत आलं, त्याचे सारखे चौकोन कापले गेले आणि पन्नास भावंडांच्या गठ्ठ्यात मी मधोमध दाबला गेलो. गठ्ठा सुटला तो उस्तादांच्या शेडमध्ये.

उस्ताद म्हणजे गाड्या धुण्यात आणि चमकवण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस. शेड टायरच्या दुकानाला लागून होती. दोन गाड्या मावतील एवढीच जागा, पाणी वाहून जावं म्हणून उताराची फरशी, आणि भिंतीवर बाटल्यांची लांब फळी. उस्तादांच्या जोडीला त्यांची सूनबाई काम करी. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिना महिना बाहेर. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा मी कामाला येते, असं तिनं आपणहून म्हटलं होतं. दोन वर्षांत तिचा हात असा बसला की गिऱ्हाइकं तिलाही नावानिशी विचारू लागली.

उस्तादांचे नियम कडक होते. गाडी उन्हात धुवायची नाही. साबणाची बादली वेगळी, मळलेलं फडकं खळबळायची वेगळी. भांड्यांचा साबण गाडीला लावणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवत, कारण त्यानं रंगावरचं मेण निघून जातं. पुसायचं ते वरून खाली, कारण खाली चिखल असतो. आम्हा टॉवेलांच्याही जाती ठरलेल्या. पिवळे रंगावर, निळे काचांवर, काळे चाकांना आणि आम्ही तांबडे गाडीच्या आतल्या कामाला. जमिनीवर पडलेला टॉवेल पुन्हा रंगाला लागायचा नाही. त्यात अडकलेला वाळूचा एक कण गाडीभर ओरखडे काढतो.

आणि सगळ्यात मोठा नियम ब्रेकचा. डॅशबोर्डवर काय लावायचं ते लावा, पण पायाखालचे पेडल आणि हातातलं स्टेअरिंग यांना तेलकट काही शिवायचं नाही. साधं क्लीनर, ओला टॉवेल, मग कोरडा. हे उस्ताद सूनबाईला इतक्या वेळा सांगत की ती म्हणायची, बाबा, आता हे मला झोपेतसुद्धा पाठ येईल.

पहिली दोन वर्षं माझी फार सुखात गेली. सीटच्या फटीतली बिस्किटं, दारावरचे बोटांचे ठसे, कुणाच्या तरी लेकरानं खिडकीखाली चिकटवलेला च्युइंगगम, सगळं मी काढलं. गिऱ्हाईक दार उघडून आत डोकावायचं आणि त्याच्या तोंडून 'अरे वा' निघायचं. उस्तादांच्या हाताला माझी सवय झाली. ते फळीवरून नेमका मलाच उचलत.

त्या हातात बसल्यामुळेच मला एक गोष्ट कळली, जी शेडमध्ये कुणाला ठाऊक नव्हती. उस्तादांना नीट दिसत नव्हतं. लांबचं दिसे, पण जवळची अक्षरं पांगायची. ते बाटल्या वाचत नसत. आकारावरून, झाकणाच्या रंगावरून आणि वासावरून ओळखत. कुणी काही वाचायला दिलं की चष्मा घरी राहिला म्हणत. चष्मा घरीही नव्हता.

मग एकदा माल देणाऱ्यानं बाटल्या बदलल्या. गाडीच्या आतून पुसायचं क्लीनर आणि टायर चमकवायचं तेलकट पॉलिश, दोन्ही एकसारख्या पांढऱ्या बाटल्यांत आली. फरक फक्त चिठ्ठीवरच्या बारीक अक्षरांत. सूनबाईच्या ते लगेच ध्यानात आलं. पॉलिशच्या बाटलीला दोरा बांधून ठेवू का, असं तिनं विचारलं.

उस्ताद हसले. "मला काय बालवाडीत घालतेस? तीस वर्षं झाली, बाटली माझ्याशी बोलते."

सूनबाईनं दोरा ठेवून दिला. सासऱ्याच्या शब्दापुढे किती जायचं, हे तिला समजत होतं.

त्या आठवड्यात उस्तादांना सर्दी झाली. नाक बंद. म्हणजे बाटली ओळखायला वासाचाही आधार उरला नाही.

तशातच एका सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या टेलरबाई आपली छोटी करडी गाडी सोडून गेल्या. शाळा उघडायला तीन आठवडे होते, गणवेशांचे गठ्ठे घरोघर पोचवायचे होते, दुपारी गाडी हवीच म्हणाल्या. आतलं काम अलीकडे सूनबाईकडे असे. पण ती दुसऱ्या एका काळ्या गाडीच्या रंगावर होती, आणि अर्धवट पुसलेल्या रंगावर पाणी वाळलं की डाग बसतात. उस्ताद म्हणाले, तू तुझं कर, आतलं मी उरकतो.

त्यांनी फळीवरची पांढरी बाटली उचलली आणि माझ्यावर फवारली. पहिल्या थेंबालाच मला कळलं. क्लीनर अंगात मुरतं, हे अंगावर पसरलं. डॅशबोर्ड झाला, दारं झाली. मग उस्ताद वाकले, आणि मी स्टेअरिंगवरून, क्लचवरून, ब्रेकवरून फिरलो. पेडलचं काळं रबर कधी नव्हे इतकं लकाकलं. मला धोका माहीत होता, नियम मी शंभरदा ऐकला होता. पण खरं सांगतो, त्या क्षणी मी आपल्याच चमकेवर भाळलो. दुपारी टेलरबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "उस्ताद, गाडी नवी करून दिलीत हो." उस्तादांची छाती फुगली. दोरीवर लटकलेला मीही फुगलो.

दुसऱ्या दिवशी ती गाडी टेलरबाईंचा भाऊ घेऊन आला. पुढचा दिवा फुटलेला, नाक आत गेलेलं. घराच्या फाटकाशी बाईंनी ब्रेक दाबला, पाय सटकला, गाडी फाटकाच्या खांबावर गेली. उजवं मनगट मोडलं होतं. शिंपिणीचं उजवं मनगट. तो भाऊ आरडाओरडा करायला आला नव्हता. त्यानं उस्तादांचा हात धरून ब्रेकवर ठेवला, आणि उस्तादांचं बोट रबरावरून सुर्रकन घसरलं.

आतलं काम कुणी केलं, एवढंच त्यानं विचारलं.

उस्तादांनी एकदा फळीकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं, त्यांची नजर त्या पांढऱ्या बाटलीवरच थांबली होती. मग ते म्हणाले, "आतलं काम सूनबाईचं असतं. नवीन आहे अजून."

त्यातलं पहिलं वाक्य शब्दशः पाहिलं तर खोटंही नव्हतं. एरवी ते काम तिचंच असे. असल्या अर्ध्या खऱ्याला खोटं म्हणून पकडताही येत नाही. सूनबाईच्या हातात ओला टॉवेल होता. तिनं तो सावकाश पिळला, सासऱ्याकडे एकदा बघितलं, आणि भावाला म्हणाली, "मी येते बाईंना भेटायला."

त्यानंतर टायरवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत झालं की सूनबाईनं घोळ घातला. गिऱ्हाइकं हळूच म्हणू लागली, आमची गाडी तुम्हीच करा हो उस्ताद. उस्ताद मान हलवत. सूनबाईकडे टॉवेल धुणं, बादल्या घासणं आणि फरशी झाडणं एवढंच उरलं. दुपारी दोन तास ती कुठेतरी जाई. ती परत आली की तिच्या बोटांना सुया टोचलेल्या दिसत. उस्ताद विचारत नव्हते. माणूस ज्या प्रश्नाचं उत्तर जाणतो, तो प्रश्न टाळतोच.

मला तिनं तीनदा धुतलं. आधी थंड पाण्यात, मग गरम, मग रात्रभर भिजवून. पण तेलकटपणा माझ्या धाग्यांत जाऊन बसला होता. तिसऱ्यांदा तिनं मला काचेच्या एका तुकड्यावर फिरवलं आणि बोट लावून पाहिलं. बोट घसरलं. तिनं मला दोरीवर न टाकता बाजूला ठेवलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण टॉवेलाला तोंड नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद एकटेच स्टुलावर बसले होते. तिनं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, हा त्या दिवशी तुमच्या हातात होता. तीन पाण्यांत धुतला, तरी सुटत नाही."

उस्तादांनी माझ्यावरून बोट फिरवून पाहिलं. तेही घसरलं.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "दुपारी बाईंकडे गणवेशांची बटणं लावायला जाते, ती लावत राहीन. शाळा कुणासाठी थांबत नाही. पण यापुढे बाटली मला वाचायला देत जा. एवढं तरी करा."

ती चिडून बोलली असती तर उस्तादांना सोपं गेलं असतं, असं मला वाटतं. त्यांनाही आवाज चढवता आला असता. पण ती झाडू घेऊन फरशीकडे वळली, आणि उस्तादांना चेहरा लपवायला माझ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यांनी मला तोंडावर धरलं. तीस वर्षांत मी, किंवा माझ्या आधीच्या कुठल्याही टॉवेलानं, असं पाणी टिपलं नसेल.

दोन दिवस त्यांनी काढले. गिऱ्हाइकाशी बोलताना मध्येच थांबत, जेवणाचा डबा तसाच घरी नेत. तिसऱ्या दुपारी सूनबाई निघाली तसे तेही उठले. मला घडी करून खिशात घातलं आणि मी येतो म्हणाले.

टेलरबाईंची खोली लहान होती. मशीन झाकून ठेवलेली, कापायच्या टेबलावर निळ्या शर्टांची थप्पी, आणि बाईंचा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं त्या खडूच्या रेघा मारत होत्या, आणि रेघा वाकड्या येत होत्या. उस्ताद दारातच उभे राहिले. त्यांनी मला खिशातून काढून शर्टांपासून लांब, टेबलाच्या कडेला ठेवलं.

"बाई, ब्रेक मी पुसला होता. मला अक्षरं दिसत नाहीत. आणि हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

बाईंनी खडू ठेवला. आधी सूनबाईकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली होती. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "हातून चूक होते, उस्ताद. माझ्याही कात्रीनं लोकांची कापडं गेली आहेत. ते मला समजतं. पण या पोरीला माझ्या दारात एकटीला उभं केलंत, रोज. ते नाही समजत."

उस्तादांनी हात जोडले. बाईंनी बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. सूनबाईनं बटणांची डबी ओढली आणि कामाला लागली. उस्ताद खाली बसले आणि शर्टांच्या घड्या घालू लागले. घडी घालायला अक्षरं लागत नाहीत.

परत येताना ते टायरवाल्याकडे थांबले, चहावाल्याकडे थांबले, आणि तेच वाक्य दोन्हीकडे बोलले. ब्रेक मी पुसला होता. दर वेळी आवाज तितकाच बारीक निघाला.

पुढे उस्तादांनी डोळे तपासून चष्मा घेतला. फळी आता सूनबाईच्या ताब्यात आहे, आणि गाडी बाहेर जाण्याआधी ब्रेकवर बोट फिरवून तीच बघते. गणवेश वेळेवर पोचले. बाईंचं मनगट जुळलं, पण जाड कापड कापताना अजून दुखतं, असं सूनबाई सांगते. त्यांची गाडी मात्र आमच्याकडे पुन्हा आली नाही. कधी रस्त्यावरून जाते, काचांवर धूळ असते. उस्ताद पाण्याची नळी खाली ठेवतात आणि गाडी वळेपर्यंत उभे राहतात. बाई सूनबाईला हात करतात. उस्तादांकडे बघत नाहीत.

मी आता काळ्या टॉवेलांत राहतो आणि टायर पुसतो. माझ्या लायकीचं तेच काम आहे. मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, सायकल असेल, तर ती जरूर पुसा. कुठल्या बाटलीत काय आहे ते वाचून घ्या, दिसत नसेल तर दुसऱ्याला विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि तुमच्या हातून काही बिघडलं, आणि 'कुणी केलं?' असं कुणी विचारलं, तर फळीकडे बघत बसू नका. माझ्याजवळ खरं होतं, पण तोंड नव्हतं. तुम्हाला तोंड आहे.