हलणाऱ्या माणसांचे रंग

"आई, जरा हळू चाल गं."

"मी काय खुंटीला टांगलेली छत्री आहे? जन्मभर अशीच चालले. तुझं यंत्र सुधार, माझे पाय नको."

आणि धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन म्हातारी कॅमेऱ्यासमोरून तरातरा निघून गेली. उरलीसुरली फिल्म त्या एका फेरीत संपली. दोन दिवसांनी चित्रगृहांचा मालक घरी येणार होता. त्याने यंत्र पसंत केले, तरच एका तपाचे कष्ट फळाला येणार होते.

म्हातारीच्या या मुलाला गल्लीत रंगवेडा म्हणत. फिल्मवर कुंचल्याने रंग फासणारे पुष्कळ होते. याला जगाचेच रंग भिंगातून उतरवायचे होते. भिंगापुढे त्याने तांबड्या-हिरव्या काचांची फिरती चकती बसवली होती. एक चित्र तांबड्या काचेतून, पुढचे हिरवीतून. दाखवतानाही तशीच चकती फिरे आणि दोन्हींची सांगड डोळा घाली. स्थिर वस्तू अशी उमटे की हात लावून पाहावे. मात्र जे हले, त्याच्या एका कडेने तांबडी आणि दुसरीने हिरवी किनार सुटे. यंत्र सुधारेना, तेव्हा घरानेच सावकाश हलावे असा दंडक पडला. बायकोने तो निमूट पाळला. आईने पाळला नाही.

ठरल्या दुपारी खिडकीला काळे कापड ठोकून रंगवेड्याने हॅण्डल फिरवायला घेतले. भिंतीवर फोडलेले डाळिंब उमटले.

"अहो, उचलून खावंसं वाटतंय," मालक म्हणाला. पाठोपाठ हिरवी शाल पांघरून बसलेली बायको आली. "आणि वहिनी तर साक्षात समोर बसल्यात."

मग आई आली. तिच्यापुढे तांबडी सावली धावत होती, मागे हिरवी. मालक पोट धरून हसला. "आईसाहेब, तुमच्या मागेपुढे कोण पळतंय?"

"तुमच्यासारखेच," अंधारातून उत्तर आले. "फुकट बघणारे."

फिल्म संपली, भिंतीवर नुसता उजेड राहिला. मालकाने डोळे पुसले.

"माझ्या सगळ्या चित्रगृहांत लावतो. नाव तुमचंच. फक्त तो शेवटचा तुकडा जाळा. यापुढे फुलं, फळं, बसलेल्या बायका, एवढंच काढायचं. धावपळ लोकांना रस्त्यावर फुकट दिसते."

होकार रंगवेड्याच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात त्याची नजर बायकोकडे गेली. तिच्या मनगटावर माशी बसली होती. ती चांगली कोपरापर्यंत चालत गेली, तरी बायकोने हात झटकला नाही. कॅमेरा कोपऱ्यात बंद होता.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"बसलेल्या माणसांना तसबिरी आहेत. मी हलणारी माणसं काढतो."

"वेडे आहात का? यंत्र मोडकं आहे तुमचं."

"अपुरं आहे. मोडकं नाही."

"उद्या दुसरा कुणी पुरं करील. मग तुम्हाला कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

"करू दे की. त्यालाही माणसं हलतीच दाखवावी लागतील."

मालकाने काठी उचलली आणि पायऱ्या आपटत तो निघून गेला.

"मी हळू चालले असते, तर घेतलं असतं का रे त्यानं?" आईने विचारले.

"घेतलं असतं."

"तरी चालले नसते."

"ठाऊक आहे मला."

"मग लाव पुन्हा. त्या मेल्याच्या हसण्यात मला नीट बघता आलं नाही."

त्याने फिल्म उलटी गुंडाळून पुन्हा चढवली. डाळिंब आले, हिरवी शाल आली. एवढ्यात बायको ताडकन उठली आणि तिने खिडकीवरचे कापड एका हिसक्यात ओढून काढले. सगळी दुपार आत शिरली.

"घुसमटलं होतं," ती म्हणाली.

भिंतीवरचे रंग उडून गेले. बादली घेतलेली एक पुसट आकृती तेवढी चुन्यावरून झपाझप चालली होती. रंगवेडा हॅण्डल फिरवीत राहिला.