उंबऱ्याआतलं नाव

माझं नाव व्ही. एम. गॅड्सन. व्ही. म्हणजे काय ते विचारू नका, सांगणार नाही.

आमच्या अलाबामात काल जन्मलेलं गोरं पोरही माझ्या आजीला नुसत्या नावाने हाक मारायचं आणि आजीने त्या पोराला 'मिस्टर' म्हणायचं, अशी रीत. पापांनी त्यावर तोड काढली. बाहेरच्यांसाठी लेकींना नुसती अक्षरं ठेवली. नावच ठाऊक नसेल तर हाक कशाची मारतील? खरं नाव घरात, दार लावून, जेवणाच्या टेबलावर घ्यायचं. उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. वस्तीत अशी घरं बरीच होती. माझ्या थोरल्या बहिणीला, जिला मी सिस म्हणते, लोक इ. एल. म्हणत, लग्नानंतर मिसेस मॅबरी. गोरे चिडून 'ए पोरी' म्हणत, पण ते परवडायचं.

वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, त्याला वर्षं लोटली होती. आमच्या गावच्या गोऱ्यांच्या शाळेला ते अजून ऐकूच गेलं नव्हतं. सिस आपल्या लेकीला, डेल्फीनला, घेऊन तिथे गेली, तर मुख्याध्यापकाने दारातूनच परत पाठवलं. म्हणून खटला. तिच्याबरोबर खटल्यात उतरलेल्या इतर मुलांच्या आईबापांना त्यांच्या मालकांनी नोकरीवरून काढायची धमकी दिली, तशी एकेकाने माघार घेतली. त्यांना मी बोल लावत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. आम्हा बहिणींचं केसांचं पार्लर मात्र आमच्याच वस्तीत, आमच्याच बायकांवर चालणारं. आम्हाला कोण काढणार? तेव्हा उरली एकटी सिस.

साक्षीच्या दिवशी पापा आणि मी डेल्फीनला मध्ये घेऊन बसलो होतो. शाळेचा वकील उठला.

"नाव?"

"मिसेस इ. एल. मॅबरी."

"इ. म्हणजे?"

"इ.च, साहेब."

"अरेरे. नाव ठेवताना आईबापांची शाई संपली वाटतं."

त्याच्या बाजूचे लोक हसले. मॉन्टगोमेरीहून आलेले आमचे वकील व्हिटलो उभे राहिले. "न्यायमूर्ती, मिसेस मॅबरी म्हटल्याने यांच्या जिभेला फोड येणार नाही."

"बसा," न्यायाधीश म्हणाले. "साक्षीदाराने पूर्ण नाव सांगावं. नाहीतर ही साक्ष नोंदली जाणार नाही."

साक्ष नाही तर खटला नाही, आणि खटला नाही तर डेल्फीनला ती शाळा नाही. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, अगं, सांग काहीही, एडना सांग, एथल सांग! पण शपथ घेतलेली, आणि सिस तर आपलं वयसुद्धा खरं सांगणारी बाई.

ती पापांकडे बघत राहिली. पापांनी ना होकार दिला, ना नकार. मग तिने डेल्फीनकडे पाहिलं.

"इव्हँजेलिन लुसील मॅबरी," ती म्हणाली.

"हां, आता कसं! तर इव्हँजेलिन, त्या सकाळी तुला शाळेत कुणी धाडलं?"

"कुणी नाही. मी आई आहे तिची."

"आणि इव्हँजेलिन, तुमच्या पोरांच्या शाळेला काय धाड भरलीय?"

दर प्रश्नाला तो ते नाव चघळत होता. त्याच्या तोंडातून ते ओढून घ्यावं असं मला वाटत होतं, इतका संताप आला.

"छप्पर गळतं," सिस म्हणाली. "आणि तुमच्या मुलांनी फाडून झाली की ती पुस्तकं आमच्याकडे येतात. डेल्फीनच्या भूगोलाच्या पहिल्या पानावर तुमच्या थोरल्याचं नाव आहे, साहेब. त्याखाली माझ्या लेकीने आपलं लिहिलंय."

आता कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं.

निकाल पुढे आमच्या बाजूने लागला आणि डेल्फीन त्या शाळेत गेली, शिकली. पण मला आठवतात त्या कोर्टाच्या पायऱ्या. बाहेर दोन्हीकडचे लोक जमलेले. तो वकील खाली उतरताना मुद्दाम म्हणाला, "बरंय, इव्हँजेलिन." सिसचा चेहरा उतरला.

"पापा, मी ते बाहेर काढलं," ती पुटपुटली.

पापांनी डोक्यावरची हॅट काढली. चर्चमध्ये प्रार्थना सांगायचे तोच खणखणीत आवाज लावला, थेट समोरच्या दुकानांपर्यंत जाईल असा.

"इव्हँजेलिन लुसील, सावकाश उतर हं, बाळा. पायऱ्या निसरड्या आहेत."

पायऱ्या ठणठणीत कोरड्या होत्या. सिसने त्यांचा हात धरला आणि त्या दिवसभरात ती पहिल्यांदा रडली.

पुढे पापा तिला भर रस्त्यातही नावानेच हाक मारत, तीही मोठ्याने. माझं मात्र अजून उंबऱ्याआतच आहे.