ओळीवर कुणाचं नाव

मुबश्शिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी उघडून पाहती तर प्रोग्रामची चारशे ओळींची अख्खी फाइल पुन्हा चार-चार जागा आत सरकलेली. गोकुळचंच काम, दुसरं कोण! पिशोरचा हा गडी सिडकोतल्या ऑफिसात तिच्या शेजारीच बसायचा. शेंद्र्याच्या एका कारखान्याचा प्रोग्राम दोघं मिळून लिहायचे आणि गेले सहा महिने ओळींच्या मांडणीवरून भांडत होते. ओळ आत घ्यायला तिला दोन मोकळ्या जागा पुरायच्या, त्याला चार लागायच्या. त्यानं सरकवलं की हिनं मागं ओढायचं. आजही दात-ओठ खात तिनं सगळी फाइल मागं ओढली आणि आपल्या नावानं जमा करून टाकली.

दुपारी कारखान्यातलं मशीन बंद पडलं. नवं काय बदललं ते पाहायला वरिष्ठ राजेंद्र सरांनी कुठली ओळ शेवटी कुणी बदलली त्याची नोंद उघडली, तर चारशेच्या चारशे ओळी बदललेल्या आणि प्रत्येकीवर एकच नाव, मुबश्शिरा.

"शेंद्र्याला प्रमुख म्हणून तुला पाठवणार होतो," सर सगळ्यांदेखत म्हणाले. "आता गोकुळ जाईल."

"सर, मी नुसत्या जागा बदलल्या! बाकी कशाला हात लावला नाय!"

"नाव तर तुझंच दिसतंय."

तिनं गोकुळकडं पाहिलं. काल संध्याकाळी फाइल त्याच्याकडं होती, हे त्यालाही ठाऊक होतं. पण बेट्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली.

मग मात्र ती हट्टालाच पेटली. जुनी नोंद आणि नवी शेजारी ठेवून एकेक ओळ ताडत बसली. चार तासांनी सापडलं. कालच्या सरकवासरकवीत मशीन बंद पाडणारा एक खरा बदल लपला होता, गोकुळचा. तिनं लॅपटॉप सरांपुढं आदळला.

सरांनी शेंद्र्याचं काम तिला परत दिलं आणि दोघांनाही झाप झाप झापलं. "दहा मिनिटांत सापडणारी चूक! तुमच्या खेळापायी कारखाना बंद! आता मांडणी कॉम्प्युटरच करील. तीन जागा. ना तुझ्या, ना त्याच्या. सगळ्या फायली आजच सरकवा."

"म्हणजे सगळ्याच ओळींवर एकाचं नाव पडणार," गोकुळ पुटपुटला.

"तुझंच पडंल!" मुबश्शिरा कडाडली. "तुझं पाप मी डोक्यावर वागवलं ना? आता माझं तू वागव. दाब बटण!"

त्यानं मान खाली घालून बटण दाबलं.

मंगळवारी शेंद्र्याहून पुन्हा फोन आला. हिशेबाबाहेरचा आकडा दाखवून मशीन अडलं होतं.

"गोकुळ!" सर गरजले आणि चुकलेली ओळ मोठ्यानं वाचली.

गोकुळ उठला, तोंड पांढरंफटक. मुबश्शिरानं ओळ ऐकताक्षणी ओळखली. ईदच्या सुट्टीआधी तिनंच घाईत लिहिली होती. गप्प बसली असती तर जुनी नोंद उकरल्याखेरीज कुणाला पत्ता लागला नसता, आणि शेंद्र्याला जायला दोनच दिवस उरले होते. तिला गोकुळचा राग आला, त्या बटणाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"तो नाय, सर," खुर्ची मागं ढकलत ती म्हणाली. "ती ओळ माझी हाय."