पुढून बटणांचा टॉप

आईला लेकीनं स्वयंपाकघरातून जवळजवळ ओढतच आणलं आणि जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपसमोर बसवलं.

"अगं, हात तरी पुसू दे," आई म्हणाली. "एवढी कसली घाई? फोटोबिटो काढणारेस की काय?"

"फोटो नाही. हे आमचं दुकान. यात तू स्वतःसाठी काहीतरी शोधायचं, आणि शोधताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं."

"मनात येईल ते? मग आधी तुझ्या बाबांना बाहेर पाठव."

"जातो, जातो," पेपरची घडी घालत बाबा म्हणाले. "इतकी वर्षं मी ऐकलं, आज दुसऱ्या कुणाची तरी पाळी." आणि दुरुस्तीला टाकलेली इस्त्री आणायला ते निघून गेले.

दुकान म्हणजे कपड्यांची वेबसाइट. माणसं तिथं कशी वावरतात ते पाहणं हे लेकीचं काम. साठीपुढच्या बायका साइटवर यायच्या, पानामागून पान चाळायच्या आणि काही न घेता निघून जायच्या. का, ते आकड्यांना सांगता येत नव्हतं. म्हणून ती अशा एकेका बाईशेजारी बसायची, बघायची, टिपून घ्यायची. त्यावरून सगळ्या साइटची नव्यानं मांडणी व्हायची होती. त्या दिवशी ठरलेल्या बाईंनी ऐन वेळी टांग मारली. सख्ख्या आईला असं बसवणं या कामात बसत नाही. पण अहवाल डोक्यावर आला होता, आणि आई काय, हाताशीच होती.

या कामाचं पथ्य कडक असतं. मदत करायची नाही. समोरचा अडला तर त्याला अडू द्यायचं, आणि त्यानं काही विचारलं तर तोच प्रश्न गोड आवाजात त्याच्याकडे परत पाठवायचा. तिला हे इतकं साधलं होतं की ऑफिसात नव्या लोकांना शिकवायला तिलाच पुढं करत.

आईनं चष्मा चढवला.

"या पोरी अशा का उभ्या आहेत गं? पोटात दुखत असल्यासारख्या?"

लेक हसली नाही. हसायचं नसतं. तिनं टिपलं: छायाचित्रांशी जवळीक वाटत नाही.

"रंग विचारतात, माप विचारतात, पार्टीला जाणार का ऑफिसला, तेही विचारतात. अरे, मी घरात बसणार आहे! आणि मला हवंय ते कुणीच विचारत नाही."

"काय हवंय?"

"पुढून बटणं असलेला टॉप. डोक्यातून घालायचं काही नको."

"का बरं?"

"हात वर नेला की कळ येते. हा, डावा. जिना चढून आले ना, की दंडापासून बोटांपर्यंत नुसता भरून येतो."

लेकीची बोटं भराभर चालायला लागली. इतक्या बायकांबरोबर बसून जे हाती लागलं नव्हतं ते लागलं होतं. कपडा दिसतो कसा यावर सगळी साइट उभी होती, आणि या बायका तो अंगात चढवायचा कसा ते शोधत होत्या. जिना चढून दुखले तर पाय दुखतात, हात नाही, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. तिनं मान वर न करताच विचारलं, "मग असा टॉप शोधायला या पानावर तू काय करशील?"

"काय करू? तूच सांग."

"मी नाही सांगायचं. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू जरा माणसासारखं बोलावंस," आई म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. मग बराच वेळ ती चुकीची बटणं दाबत राहिली, आणि लेक बघत राहिली. संध्याकाळी लॅपटॉप काखोटीला मारून ती आपल्या घरी गेली. खूश होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. ते फिरून आले तेव्हा आई पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या गेलेली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टर वयानं लहान होत्या. हृदयविकार, त्या म्हणाल्या, आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आधी काही त्रास सांगितला होता का त्यांनी? धाप लागणं, हात दुखणं?"

"छे हो," बाबा म्हणाले. "एका शब्दानं बोलली नाही."

लेक त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तोंड उघडलं की झालं असतं. ते उघडलं नाही, आणि डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेल्या.

नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा कपाटाची गोष्ट सांगू लागले. भिंतीला ओल आली म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी पुस्तकांचं कपाट पुढं ओढलं होतं, आणि दुसरं टोक धरायला आईला हाक मारली होती. "तिला जड उचलायला लावलं. मीच लावलं. पुस्तकं तरी आधी काढायची, तर तेवढाही धीर नाही." मावशी म्हणायची, "भावजी, असं मनाला लावून घेऊ नका." ते मान हलवायचे आणि पुढचा माणूस आला की पुन्हा कपाटापासून सुरू करायचे. लेक पाणी आणून द्यायची. आज सांगू, दिवसकार्य आटपू दे, त्यांची झोप जरा सुधारू दे, असं करत ती दिवस ढकलत राहिली. दिवसागणिक ते सांगणं आणखी अवघड होत गेलं.

ऑफिसात तिकडे साइट नवी झाली. रंग आणि माप यांच्या वर आता एक नवा फिल्टर होता: घालायचा कसा? पुढून बटणं, बाजूनं चेन, डोक्यातून. हात प्लास्टरमध्ये असलेले, अंगावर पाजणाऱ्या बाया, खांदे आखडलेले, कोण कोण त्यावर येऊ लागलं. अहवालात बायकांची नावं नसतात, नुसते नंबर असतात. सगळ्यांसमोर बॉस म्हणाल्या, "त्या सात नंबरच्या बाई कोण आहेत? त्यांना एक टॉप भेट म्हणून पाठवा रे कुणीतरी." सगळे हसले, टाळ्या पडल्या.

"पाठवते," ती म्हणाली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बेसिनची कड धरून उभी राहिली.

त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी ती बाबांकडे गेली. त्यांनी दाढी केली होती, बऱ्याच दिवसांनी.

"तुझं ते दुकान दाखव," ते म्हणाले. "तुझी आई त्या दिवशी फार फुशारकी मारत होती. मी एवढ्या चुका काढल्या म्हणे, की आता सगळी साइट पाडून बांधतील."

तिनं दाखवलं. त्यांनी आईच्याच खुर्चीत बसून, एका बोटानं, सगळं वाचलं. नव्या फिल्टरपाशी ते थांबले.

"हे तिनं सुचवलेलं?"

"हो."

"पुढून बटणं?" त्यांना हसू फुटलं, कितीतरी दिवसांनी. "म्हणजे बघ हं, बायको काय चीज असते. अख्ख्या कपाटात बटणांचा एक कपडा नाही तिच्या, सगळे डोक्यातून घालायचे. तिला म्हणे बटणं हवीत! का गं?"

तिच्याकडे उत्तरांचा साठा होता. वय वाढलं की आवड बदलते. सोयीचं पडतं. बऱ्याच जणींनी तेच सांगितलं. यातलं कुठलंही चाललं असतं. बाबा मान हलवून पान खाली सरकवणार, दुपारी कुणी आलं की ही गंमत सांगणार आणि मागोमाग ती कपाटाची. तिनं लॅपटॉप हळूच मिटला. हाताला काहीतरी धरायला हवं होतं म्हणून तिनं बाबांची बाही धरली.

"बाबा, तिचा हात दुखत होता. कपाट ओढायच्या आधीच. दुपारी इथं बसून तिनं मला सांगितलं. जिना चढलं की डावा हात भरून येतो, म्हणाली. मी ते लिहून घेतलं आणि तिला पुढचा प्रश्न विचारला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी तुमच्या शेजारी उभी होते. ती बोलली होती, बाबा. माझ्याशी बोलली होती."